पडद्याला दिसलेली पंगत

मित्रांनो, मी एक जुना पडदा. खिडकीवरचा नव्हे, ज्याच्यावर सिनेमा दाखवतात तो. साउथहॅम्प्टनच्या आमच्या मराठी मंडळाचं सामान एका गॅरेजमध्ये असतं. तिथे सतरंज्या आणि स्टीलच्या ताटांची खोकी यांच्या मधल्या फटीत मला गुंडाळून उभं करून ठेवतात. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली हकिगत सांगायला बसल्या की हळू आवाजात, जरा डोळे पुसत सांगतात, अशी पद्धत आहे. मला या खेपेला ते जमणार नाही. मला राग आलेला आहे आणि तो लपवायचा माझा विचार नाही.

आधी एक समजून घ्या. पडद्याला सिनेमा दिसत नाही. आपल्या पाठीवर कुणी बोटाने अक्षरं काढली तर ती कळतात, पण दिसत नाहीत, तसं माझं आहे. ऐकू सगळं येतं. दिसतात ती मात्र समोर बसलेली माणसं. अंधार झाला की माणसं आपला चेहरा सांभाळायचं विसरतात, आणि मी नेमके तेच चेहरे पाहत आलो आहे. कोण कुठल्या प्रसंगाला रडतं, कोण शेजारच्याकडे बघून घाईघाईने रडतं, कोण डुलकी काढतं आणि दिवे लागल्यावर सिनेमाची सगळ्यांत जास्त स्तुती करतं, हे मला बरोबर माहीत असतं.

माझा जन्म याच गावातला. अनुराधाबाई लग्न होऊन नागपूरहून इथे आल्या तेव्हा त्यांचे यजमान श्रीकांत इथल्या एका हॉस्पिटलात नवेनवे डॉक्टर होते. राहायला खोली हवी होती. फोनवर विचारलं की खोली रिकामी असायची, आणि दोघं दारात उभे राहिले की ती नुकतीच गेलेली असायची. एका बाईने तर दारही उघडलं नाही. पडद्याच्या फटीतून दोघांचा रंग पाहिला आणि फट बंद केली. (त्या पडद्याशी माझं काही नातं नाही, हे आपलं सांगून ठेवतो.) शेवटी खोली दिली ती मिसेस बेनेट यांनी. त्या मूळच्या जमैकाच्या, त्याच हॉस्पिटलात नर्स, आणि रंगाने काळ्या. स्वयंपाकघर दोघींत एकच होतं. पुढे मंडळ निघालं, त्याला सिनेमासाठी पडदा हवा होता. हॉस्पिटलातल्या विरलेल्या चादरी टाकून द्यायच्या होत्या, त्या मिसेस बेनेट विचारून घरी घेऊन आल्या. अनुराधाबाईंना शिवण यायची नाही, टाके वेडेवाकडे जायचे. म्हणून त्यांनी कापड धरलं आणि मिसेस बेनेटनी मशीन चालवलं. माझ्या चारही कडा त्या काळ्या बाईच्या हातच्या आहेत. इतकी वर्षं झाली, कितीदा धुतला गेलो, एक टाका उसवलेला नाही.

मग मंडळ वाढलं. आधी नुसते डॉक्टर होते, मग पुण्या-मुंबईहून सॉफ्टवेअरवाले आले, बँकेतले आले. दर कार्यक्रमात कुणीतरी माइकवर सांगतं की हा पडदा आपल्या अनुराधाकाकूंनी स्वतःच्या हातांनी शिवलाय. अनुराधाबाई पहिल्या रांगेतून लगेच म्हणतात, शिलाई मिसेस बेनेटची आहे. पण तोवर टाळ्या सुरू झालेल्या असतात. टाळ्यांना काय, कुठेही सुरू होता येतं.

आता यंदाचं ऐका. पाडव्यानंतरच्या रविवारी मंडळाने दुपारी मुलांसाठी सिनेमा आणि नंतर पंगत ठरवली. अध्यक्ष दीनानाथराव, निवृत्त डॉक्टर, मोठे भाषणबहाद्दर. त्यांनीच सिनेमा निवडला. दक्षिण आफ्रिकेत काळ्यांना आणि गोऱ्यांना कायद्यानेच वेगळं ठेवत होते, त्या काळातली गोष्ट. शेतावरच्या गोऱ्या घरातली मुलगी आणि त्याच घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईची मुलगी, दोघींची मैत्री होते, घरचे ती तोडायला बघतात आणि शेवटी मैत्री जिंकते. मुलांना चांगले संस्कार मिळतील, असं दीनानाथरावांचं म्हणणं होतं. त्याला कोण नाही म्हणणार?

मला धुऊन इस्त्री करायचं काम यंदा आश्लेषाकडे आलं. ही पुण्याची, हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर, स्वभावाने मऊ, आणि चार लोकांत आवाज चढू नये म्हणून सारखी जपणारी. तिची मुलगी उर्वी प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात आहे. उर्वीची जिवाभावाची मैत्रीण थांडी. थांडीची आई नर्स आहे, माणसं मूळची दक्षिण आफ्रिकेतली, आणि आजी नोम्सा आता त्यांच्याकडेच राहते. सिनेमा थांडीच्या आजीच्या देशातला, म्हणून उर्वीने त्या दोघींना बोलवायचा हट्ट धरला. आश्लेषा लगेच हो म्हणाली. हे मी मुद्दाम सांगतो आहे. ती मनाने वाईट नाही. असती तर मला इतका राग आला नसता.

मी त्यांच्या घरी जिन्याच्या कठड्यावर वाळत होतो, तेव्हा या दोन मुलींची तालीम मी पाहिली. मंडळाच्या पंगतीत मीठ, लिंबू आणि पाणी वाढायचा मान मुलांचा. उर्वीने पाणी घेतलं आणि थांडीला मीठ दिलं. गालिच्यावर कागदी ताटल्या मांडून दोघी रोज वाढत बसायच्या. मीठ पहिलं वाढायचं, ताटाच्या वरच्या कडेला, चमच्याने, ताटाला चमचा न लावता. आणि म्हणायचं, ‘घ्या ना, थोडं घ्या.’ थांडी ते असं म्हणायची की जिन्यात मला हसू यायचं.

“आणि कोणी ताटावर असा हात ठेवला,” उर्वीने पंजा पसरून ताटलीवर धरला, “तर त्याचा मीनिंग आहे की पोट भरला. मग फोर्स नाही करायचा. थँक यू म्हणून पुढे जायचा.”

थांडीने तेही पाठ केलं.

रविवार आला. हॉलच्या भिंतीला मला टांगलं, दिवे गेले, सिनेमा सुरू झाला. मी समोर पाहू लागलो. पहिली दहा-पंधरा मिनिटं नेहमीचीच, पोरांची चुळबुळ, चिवड्याचा कुरकुर आवाज. मग गोष्टीतल्या काळ्या मुलीला दुकानाच्या पुढच्या दाराने आत जाऊ दिलं नाही, आणि हॉल शांत झाला. आश्लेषा रडायला लागली. खोटं नव्हतं ते, खरे अश्रू मला ओळखू येतात. दीनानाथरावांच्या पत्नी रेखाताई, त्यांनी टिश्यूचं पाकीट संपवलं. स्वतः दीनानाथरावांनी चष्मा काढून पुसला. रडली नाही ती एकटी थांडीची आजी. नोम्साबाई ताठ बसून होत्या. गोऱ्या बापाचं मन पालटतं आणि दोन मुली मिठी मारतात, तिथे सगळा हॉल हुंदके देत होता. तेव्हा त्यांनी पर्समध्ये हात घालून पेपरमिंटची गोळी शोधली आणि तोंडात टाकली. थांडीने त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनी दुसरी गोळी थांडीला दिली.

दिवे लागले. दीनानाथराव माइकवर आले आणि म्हणाले की माणूस इथून तिथून एकच, रंग हा केवळ कातडीचा असतो, आणि हे आपल्या मुलांना आपणच शिकवायला हवं. टाळ्या झाल्या.

मग खुर्च्या रचल्या गेल्या, जमिनीवर पट्ट्या अंथरल्या, स्टीलची ताटं मांडली. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत अशा वडीलधाऱ्यांसाठी भिंतीशी लांब टेबल लागतं, तिथे पहिल्या खुर्चीवर अनुराधाबाई बसल्या. त्या वयाने सगळ्यांत मोठ्या, त्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय पंगत जेवत नाही, हा मंडळाचा अगदी सुरुवातीपासूनचा रिवाज. इथवर ठीक होतं. पण दाराजवळ, कोटांच्या स्टँडला लागून, आणखी एक छोटं टेबल मांडलेलं होतं. त्यावर छापील टेबलक्लॉथ, काटे-चमचे आणि कागदी ताटल्या. अख्ख्या हॉलला स्टील आणि त्या टेबलाला कागद. दीनानाथरावांनी हसून नोम्साबाईंना तिकडे नेलं. जमिनीवर बसायला त्रास होईल, स्टीलच्या ताटाची सवय नसेल, म्हणून ही खास सोय, असं ते म्हणाले. भिंतीशी लांब टेबलावर तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी वरून पाहत होतो, मला दिसत होत्या. नोम्साबाईंनाही दिसल्या असणार. त्यांनी त्या खुर्च्यांकडे पाहिलं, कागदी ताटलीकडे पाहिलं, आणि त्या बसल्या. अंगातला कोट काढला नाही.

थांडी तोवर मिठाची वाटी घेऊन रांगेच्या टोकाला पोचलीही होती. मागे पाण्याचा जग घेऊन उर्वी. टोकाला रेखाताई बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी दीनानाथराव.

थांडी वाकली आणि म्हणाली, “घ्या ना, थोडं घ्या.”

रेखाताईंनी ताटावर हात ठेवला.

मित्रांनो, ताटात अजून काही पडलेलं नव्हतं. श्रीखंडाचं पातेलं आत होतं, पुऱ्या आत होत्या. रिकाम्या ताटावर त्या बाईने पंजा पसरला होता आणि चेहऱ्यावर हसू होतं. थांडीला वाटलं, पोट भरलं असेल. ती ‘थँक यू’ म्हणाली आणि पुढे सरकली. दीनानाथरावांनी हात ठेवला. ती त्यांनाही ‘थँक यू’ म्हणाली. शिकवलं होतं तसंच सगळं करत होती ती पोर, अगदी जीव लावून. मी भिंतीवर टांगलेला, मला हालता येईना. थांडीच्या मागे उर्वी थांबली होती आणि त्या दोन हातांकडे पाहत होती.

ते आश्लेषाच्याही लक्षात आलं. आता आणखी कुणी हात ठेवील, पोरीला कळेल, लोकांना कळेल, तमाशा होईल, हे सगळं तिच्या डोळ्यांत एका क्षणात येऊन गेलं. मग तिने काय करावं? ती झपझप आली आणि तिने थांडीच्या हातातून वाटी काढून घेतली. गोड आवाजात म्हणाली, तू आमची गेस्ट आहेस ना, बेटा, गेस्टने काम करायचं नसतं, जा, ग्रॅनीजवळ बस. आणि वाकून तिने रेखाताईंच्या ताटात मीठ वाढलं. रेखाताईंचा हात अलगद बाजूला झाला होता.

थांडी अजून तिथेच उभी होती. तिने तो बाजूला झालेला हात पाहिला. मग ती आजीजवळ गेली आणि स्वतःचा कोट घालू लागली.

उर्वीने पाण्याचा जग दोन रांगांच्या मधोमध जमिनीवर ठेवला. तिचा आवाज मोठा नव्हता, पण ऐकू सगळ्यांना गेला.

“आई, ती प्रॅक्टिस केली होती. व्हाय डिड यू टेक इट?”

आश्लेषा हळूच म्हणाली, “इथे नको, उर्वी. घरी गेल्यावर बोलू.”

“घरी नको. इथे.”

दीनानाथरावांनी प्रसंग सावरायला हात जोडले आणि श्लोक सुरू केला. लोकांनी सुटका झाल्यासारखा आवाज मिसळला. मोठ्या बायकांनी भराभर पुऱ्या वाढल्या, भाजी वाढली, श्रीखंड वाढलं. श्लोक संपला, सगळ्यांनी अनुराधाबाईंकडे पाहिलं, की त्या घास घेणार आणि जेवण सुरू होणार.

अनुराधाबाईंनी ताटावर हात ठेवला. पंजा पसरून, बोटं ताठ.

कुणाला काही कळेना. काकू, बरं वाटत नाही का, असं एकीने विचारलं. दुसरी पाणी घेऊन धावली. अनुराधाबाईंचा हात तसाच. हॉल पाचला रिकामा करून द्यायचा होता, पुऱ्या बसत चालल्या होत्या, पोरं कासावीस. पण त्यांनी घास घेतल्याशिवाय कुणाला जेवता येईना.

“माझ्या पानात मीठ पडलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “मीठ घेऊन एक मुलगी येत होती. तिला कुठे घालवलीत?”

दीनानाथराव उठू लागले. काकू, मी वाढतो ना, असं म्हणाले.

“तू बस, दीनानाथ. तुझ्या हातचं नको मला.” मग त्या सगळ्या हॉलशी बोलल्या, पण आवाज घरात बोलतात तसाच होता. “या मंडळाच्या पहिल्या पंगतीत भात मिसेस बेनेटच्या चुलीवर शिजला होता, तिच्या पातेल्यात. आणि मीठही तिनेच वाढलं होतं. आम्हाला या गावात खोली देणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि तेव्हा कुणी ताटावर हात ठेवला नाही. भूक लागलेली होती ना. आता पोटं भरली तुमची.”

त्यांनी थांडीला हाक मारली. थांडी जागची हलली नाही. तिने आजीकडे पाहिलं. नोम्साबाईंना मराठी कळत नाही, पण ताटावरचा हात त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या इंग्रजीत बोलल्या, सावकाश.

“वाटी जिने घेतली, तिने आणून द्यावी.”

वाटी आश्लेषाच्या हातात होती. आता सगळा हॉल तिच्याकडे पाहत होता. मित्रांनो, हाच चेहरा मी अर्ध्या तासापूर्वी पाहिला होता, ओला, मऊ, कुणातरी लांबच्या काळ्या मुलीसाठी कळवळलेला. ती मुलगी पडद्यावर होती, तिला काही आणून द्यायचं नव्हतं. ही दहा पावलांवर कोटाची बटणं लावत उभी होती, आणि आश्लेषाचे पाय उचलत नव्हते. तिने दीनानाथरावांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. तिने उर्वीकडे पाहिलं. उर्वीने मान खाली घातली नाही. चाल, बाई, चाल, असं मी मनात ओरडत होतो. संतापाने मी भिंतीवर हाललो असेन. कुणाला वाटलं दार उघडं राहिलंय.

आश्लेषा चालत गेली. थांडीसमोर उभी राहून वाटी पुढे केली. मला तसं म्हणायचं नव्हतं, लोकांना वाईट वाटू नये म्हणून, असं काहीतरी ती इंग्रजीत सांगू लागली. नोम्साबाईंनी तिला मधेच थांबवलं आणि त्या म्हणाल्या की ते सगळं मला नंतर सांग, आधी मुलीच्या हातात वाटी दे. आश्लेषाने दिली.

थांडीने कोट काढला. ती अनुराधाबाईंच्या खुर्चीशी गेली, ताटाच्या वरच्या कडेला मीठ वाढलं, चमचा ताटाला न लावता. ‘घ्या ना’ मात्र म्हणाली नाही. अनुराधाबाईंनी मिठाचा कण जिभेवर ठेवला, पण घास घेतला नाही. आधी सगळी रांग होऊ दे, असं त्या म्हणाल्या. मग थांडी रांगेतून गेली, मागे जग उचलून उर्वी. बहुतेकांनी मीठ घेतलं. काहींनी मनापासून घेतलं, काहींनी पुऱ्या गार होतायत म्हणून घेतलं. दीनानाथरावांच्या ताटाशी ती आली तेव्हा तिथे हात होताच. ते म्हणाले की मला ब्लडप्रेशर आहे, डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. थांडी त्यांच्याकडे बघत उभी राहिली. या खेपेला तिने ‘थँक यू’ म्हटलं नाही, नुसती पुढे गेली. दीनानाथरावांनी नंतर लोणचं दोनदा मागून घेतलं. पापडही.

नोम्साबाईंना अनुराधाबाईंनी आपल्या शेजारच्या खुर्चीवर बोलावलं आणि मगच पहिला घास घेतला. त्या आल्या, स्टीलच्या ताटात जेवल्या. गोड मिठी-बिठी काही झाली नाही, कुणी डोळे पुसले नाहीत. एक-दोन घरं न जेवताच निघून गेली. जाताना कार पार्किंगची वेळ संपतेय असं सांगून गेली.

पुढच्या मीटिंगमध्ये दीनानाथरावांनी ठराव आणला की पडदा आता पिवळा पडलाय, मोठा टीव्ही घेऊ या. ठराव पास झाला. मला टाकून देणार होते, तर उर्वीने मला उचलून नेलं, थेट थांडीच्या घरी. आता मी त्यांच्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीवर असतो. पोरी माझ्यावर कार्टून बघतात. वाऱ्याने मी फडफडलो की पात्रांची नाकं वाकडी होतात आणि त्या खिदळतात.

परवा आश्लेषा उर्वीला न्यायला आली. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच ती या दारात आली होती. नोम्साबाईंनी मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा आणि झणझणीत भाजी केली होती. त्यांनी काही न विचारता एक ताटली भरून आश्लेषापुढे धरली. आश्लेषा म्हणाली, नको, मी जेवूनच आलेय. आणि सवयीने तिचा हात वर आला, पंजा पसरत ताटलीवर जायला निघाला. थांडी पाहत होती. उर्वी पाहत होती. मीही दोरीवर श्वास धरून होतो. हात ताटलीच्या वर थांबला, आणि मग खाली जाऊन तिने ताटली धरली. उभ्याउभ्याच खाल्लं तिने, सगळं. तिला तिखट लागत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पाणी पुसायला तिने हात मोकळा केला नाही.

मित्रांनो, माझ्याबद्दल मला काही मागायचं नाही. पिवळा पडलो तर पडू द्या. मिसेस बेनेटची शिलाई पक्की आहे, मी आणखी पुष्कळ टिकेन. माझ्यावर दिसणाऱ्या माणसांसाठी रडावंसं वाटलं तर रडा. पण दिवे लागल्यावर तुमच्यापुढे कुणी वाकून काही वाढायला आलं, तर तेव्हाचे तुमचे चेहरेही मी पाहत असतो, एवढं ध्यानात ठेवा. ताटावर हात ठेवायचा तो जेवून पोट भरल्यावर.